बॉनेटवरून उतरल्यानंतर

मनावरच्या उपचारांसाठी माझ्याकडे पोलिसांच्या घरातून येणारा प्रश्न बहुतेक एकच असतो. "जखम भरली, ड्युटी सुरू झाली, मग हे अजून असे का वागतात?" हे बायको विचारते, कधी आई. पोलीस स्वतः येतात तेव्हा शब्द वेगळे असतात: "मॅडम, मी घाबरट झालोय का?"

वाहतूक शाखेतल्या एका हवालदारांनी हेच विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सिग्नल तोडून आलेल्या काळ्या काचांच्या गाडीसमोर ते हात दाखवत उभे राहिले. चालकाने थांबल्यासारखं केलं आणि गाडी पुढे दामटली. हवालदार बॉनेटवर, दोन्ही हातांनी वायपर घट्ट धरून. पुढच्या गतिरोधकावर वेग कमी झाला तेव्हा लोकांनी गाडी अडवली. गुडघ्याला टाके पडले, मनगट प्लास्टरमध्ये गेलं, गुन्हा नोंदवला गेला. व्हिडिओ मात्र गावभर फिरला. एका लग्नात मेहुण्याने मोबाइल पुढे करत "दाजी, हिरो झालात की!" म्हटलं, तर हे भरल्या ताटावरून उठून गेले.

माझ्याकडे आले तेव्हा दोन महिने उलटले होते. मुलाने फाटकाशी बाइक रेस केली की अंगाला दरदरून घाम. रात्री झोप नाही. चौकात ड्युटी लागली की पोट बिघडायचं.

पत्नी म्हणाल्या, "पावती फाडायची नोकरी म्हणून मी निर्धास्त होते हो." असं अनेकांना वाटतं. पण थांबवलेल्या गाडीत कोण बसलंय हे पोलिसाला ठाऊक नसतं. प्यालेला असेल, लायसन नसलेला असेल, गाडी चोरीची असेल. २०१६ साली मुंबईत खारला वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन दुचाकीस्वाराला हटकलं. त्यावरून डोक्यात बांबू बसला आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. हवालदारांनीच ते मला सांगितलं. भिंतीकडे बघत.

शिवाय एक गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि गाडी डाव्या कडेला लावतात. म्हणजे चालकाच्या खिडकीशी वाकलेल्या पोलिसाची पाठ वाहत्या रस्त्याकडे असते. भांडणारा समोर आणि ट्रक मागून.

म्हणून मी त्यांना सांगितलं की तुमची भीती खोटी नाही. चालू गाडीसमोर उभं राहायचं नाही, हे शरीर शिकलंय आणि ते बरोबरच शिकलंय. घोटाळा एवढाच की तोच धोक्याचा इशारा आता घराच्या फाटकाशीही वाजतोय. अशा प्रसंगानंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांपुढे येणं बहुतेकांना होतं आणि हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही ते तसंच राहिलं, त्याने कामात, घरात अडायला लागलं, तर उपचार घ्यावेत. त्याचा धैर्याशी काडीचा संबंध नाही.

उपचार नाट्यमय नव्हते. घडलेलं सगळं माझ्यासमोर, त्यांच्या गतीने, पुन्हा पुन्हा सांगणं. मग विश्वासातल्या सहकाऱ्याच्या उभ्या गाडीजवळ इंजिन चालू ठेवून थांबणं, आधी लांब, मग बाजूला. समोर कधीच नाही. घाम आला तरी तो उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. मधल्या काळात त्यांच्या संमतीने मी साहेबांशी बोलले आणि सीसीटीव्ही कक्षात काम मिळालं. ती त्यांना शिक्षाच वाटली. आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते.

त्यांना सगळ्यात जास्त धास्ती नोंदीची होती. "सर्व्हिस बुकात 'डोक्यावर परिणाम' असं आलं तर?" मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे, हे कलमच मी त्यांना वाचायला दिलं. ज्यांना कुणासमोर बसायचंच नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीतही बोलता येतं.

पत्नीशी वेगळं बोलावं लागलं. हवालदार ड्युटीवर असताना त्या सारखा फोन करायच्या. काळजी समजते, पण रस्त्यात उभ्या माणसाने दर थोड्या वेळाने मोबाइलकडे बघणं हा नवाच धोका. मग दोनच मेसेज ठरले: पॉइंटला पोचल्यावर एक, सुटल्यावर एक. पहिले काही दिवस त्यांना ते फार जड गेलं.

आता ते चौकात उभे राहतात, शक्यतो डाव्या खिडकीशी. गाडी पळालीच तर नंबर टिपतात, पुढच्या पॉइंटला कळवतात. चलान घरी जातंच. तरुण सहकारी चिडवतात, त्यावर ते हसतात. रात्रीची नाकाबंदी अजून घेतलेली नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा "दिवाळीनंतर बघू" म्हणाले, आणि मलाही काही घाई नाही.