जपानहून आलेल्या सेकंडहँड गाडीचं मीटर मागे केलंय का, हे कसं ओळखायचं?

ऑकलंडमध्ये २०१५ची टोयोटा अ‍ॅक्वा बघितलीत, मीटरवर ६४ हजार किलोमीटर आहेत आणि इथल्या नोंदी स्वच्छ दिसतायत, म्हणून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. फक्त इथल्या नोंदींवर घेऊ नका. मी तसंच केलं होतं.

इथे प्रत्येक वॉरंट ऑफ फिटनेसला, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे ना या तपासणीला, मीटरचा आकडा नोंदवला जातो. माझ्या टोयोटा फील्डर गाडीचे आकडे ४१ हजारांपासून ओळीने चढत गेलेले होते. पण गाडी बोटीत चढण्याआधीच मीटर मागे फिरवलं असेल, तर न्यूझीलंडची नोंद त्या खोट्या आकड्यापासूनच सुरू होते. पुढे गिअर बदलताना गाडी हिसके द्यायला लागली. मेकॅनिकने ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला ऑइल बदलल्याचं जपानी स्टिकर दाखवलं: २६.११.८, खाली १,०२,४००. मी २६ ही तारीख समजत होतो. ते जपानी कालगणनेतलं वर्ष, हेइसेइ २६, म्हणजे २०१४. गाडी इथे उतरली २०१५ मध्ये, ४१ हजारांवर! आम्ही त्या आकड्यावर विसंबून ट्रान्समिशनचं ऑइल बदललंच नव्हतं, आणि त्याच गाडीतून चार महिन्यांच्या लेकीला घेऊन लांब लांब फिरलो. त्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून जपानचे कागद मागा. तिथे 'शाकेन' तपासणी सक्तीची, नव्या गाडीची ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी. त्या वेळचा आकडा कागदावर चढतो. एक्स्पोर्ट सर्टिफिकेटवरही असतो. लिलावातली गाडी असेल तर ऑक्शन शीट (लिलावाआधी गाडी तपासून भरलेला कागद) चेसिस नंबर देऊन स्वतः मागवा, विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोवर राहू नका. सगळे आकडे तारखेनुसार एकाखाली एक लिहा. कुठे आकडा आधीपेक्षा कमी झाला, तर गाडी सोडा.

पेडलचं रबर, स्टिअरिंग, सीटची दाराकडची कड हेही बघा. ६४ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला कोरं रबर असेल तर का बदललं ते विचारा. काही गाड्यांत एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) कंट्रोलरमध्येही किलोमीटर साठवलेले असतात, ते स्कॅनरवर दिसतात. डीलरकडून घेत असाल तर काचेवरच्या कंझ्युमर इन्फर्मेशन नोटीसमध्ये (गाडीच्या माहितीच्या कागदावर) मीटरबद्दल काय लिहिलंय ते वाचून त्याची प्रत ठेवा.

बघायला जाताना टॉर्च न्या. दाराची कड, बॉनेटखालची बाजू नीट बघा. जपानी स्टिकर सापडलं तर फोटो इथे टाका, वर्ष मी काढून देतो.