बसताना होणारी जळजळ: अंगकाठी कारणीभूत की जुनी दुखापत?

सायकलवरून पडल्यानंतर बसताना गुदद्वार व जननेंद्रियाच्या भागात होणारी जळजळ बारीक अंगकाठीमुळे आहे का, असे आपण विचारले आहे. केवळ अंगकाठीला दोष देणे मला योग्य वाटत नाही. अशी जळजळ त्या भागाला संवेदना देणाऱ्या पुडेंडल या मज्जातंतूवर दाब आल्याने होऊ शकते. तो त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाच्या हाडाच्या) 2 ते 4 क्रमांकाच्या मज्जामुळांतून निघून बैठकीच्या हाडाच्या काट्याजवळ दोन अस्थिबंधांमधून जातो आणि पुढे अल्कॉक नलिकेत, म्हणजे स्नायूच्या आवरणातील एका बोगद्यासारख्या वाटेत, शिरतो. ही वाट मुळातच अरुंद असल्याने नितंबांवर पडणे, अवघड प्रसूती, शस्त्रक्रिया किंवा वर्षानुवर्षे सायकलच्या सीटचा दाब यांतून हे दुखणे जडू शकते. अंगावर मांस कमी असले तर बसताना दाब अधिक जाणवतो, एवढेच.

एमआरआय निर्दोष आला म्हणून वेदना काल्पनिक ठरत नाही, हे कृपया घरच्यांनाही सांगावे. फ्रान्समधील नांत येथील तज्ज्ञांच्या 2008 च्या निकषांनुसार हे दुखणे बसल्यावर वाढते, झोपेतून जागे करत नाही, त्या जागेची संवेदना जात नाही आणि मज्जातंतूजवळ भुलीचे इंजेक्शन दिल्यास ते शमते. मात्र तो भाग बधिर झाला किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.