वादळाच्या हंगामातील स्वस्त सहल आणि रिकामी होणारी शिल्लक

प्रश्न: माझे वय ४४ आहे. हाती येणारा पगार ८५ हजार आणि घरखर्च ५० हजार रुपये आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्नी, मुलगी आणि ७० वर्षांची आई (तिला मधुमेह आहे) यांच्यासह आठ दिवस व्हिएतनामला जायचे आहे. हनोई, हा लाँगच्या उपसागरात बोटीवर एक रात्र, मग दा नांग व होई आन असा बेत आहे. ६० हजारांची सवलत मिळून सहल ३ लाख ४० हजारांत बसते, मात्र रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत. शिल्लक दीड लाख आहे. उरलेली रक्कम १५ टक्के दराच्या वैयक्तिक कर्जातून दोन वर्षांत फेडीन. बँकेतून घेतलेल्या आयुर्विमा पॉलिसीचा दीड लाखाचा तिसरा वार्षिक हप्ता ऑक्टोबरमध्ये आहे. सहाव्या वर्षापासून तीच पॉलिसी दरवर्षी परदेश सहलीचे पैसे देईल. तिकडे वादळे येतात, म्हणून ७ हजारांचा प्रवास विमा घ्यावा का?

उत्तर: विमा अवश्य घ्यावा, परंतु ज्या भीतीपोटी आपण तो घेत आहात, त्या भीतीवर तो पुरेसा उपाय नाही. परदेशात रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर तो उपयोगी पडेल, तेही आईंचा मधुमेह अर्जात लिहिला आणि आधीपासूनच्या आजाराला संरक्षण आहे हे पॉलिसीत वाचून पाहिले तर. विमान तासन्‌तास रखडले तर बहुधा ठरावीक, छोटी रक्कम मिळते. वादळाचा अंदाज पाहून आपण स्वतःहून जाणे रद्द केले तर सामान्यतः काहीच मिळत नाही, आणि वादळाला नाव पडल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळासाठी सहसा कामाचा नसतो.

आपण निवडलेल्या दिवसांच्या आसपास काय घडू शकते ते पाहा. ७ सप्टेंबर २०२४ रोजी यागी हे चक्रीवादळ हा लाँगच्याच किनाऱ्यावर आले. हनोईच्या नोई बाईसह उत्तरेतील चार विमानतळ बंद ठेवावे लागले आणि उपसागरातील अनेक पर्यटक बोटी बुडाल्या. धोका वादळाच्या दिवसापुरताही नसतो. १९ जुलै २०२५ रोजी, विफा वादळ अजून दूर असताना, अचानक आलेल्या वादळी पावसात त्याच उपसागरात पर्यटकांची बोट उलटली आणि ३०हून अधिक माणसे दगावली. त्या मोसमात सुरक्षित राहायचे तर एकच गोष्ट हाताशी लागते: बोटीवर न चढण्याची, दोन दिवस हॉटेलात थांबण्याची, गरज पडल्यास उरलेली सहल सोडून देण्याची मोकळीक. ही मोकळीक पैशाने आणि राखीव दिवसांनी मिळते, आणि आपल्या बेतात दोन्ही नाहीत. चौघे दोन दिवस अडकले तर दोन खोल्यांचे सुमारे १८ हजार, हुकलेल्या देशांतर्गत विमानाऐवजी नव्या तिकिटांचे २८ हजार आणि जेवण व गाडीचे ८-१० हजार धरा. ५५ हजार गेले. १ लाख ९० हजारांच्या कर्जावर दोन वर्षांत सुमारे ३१ हजार व्याज जाईल. ६० हजारांच्या सवलतीतून काय उरले? शिवाय खिशात काही नसलेला कुटुंबप्रमुख ‘पैसे भरलेच आहेत’ म्हणून बोटीवर चढतो; मला खरी चिंता त्याची आहे.

आता आपण न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. शिल्लक सहलीत संपली आणि दरमहा ९ हजारांचा कर्जाचा हप्ता सुरू झाला, तर ऑक्टोबरमध्ये दीड लाख कोठून आणणार? दुसरे कर्ज काढून? आपण कळवलेल्या आकड्यांनुसार १० वर्षे दीड लाख भरायचे, सहाव्या वर्षाअखेरीपासून १५ वर्षे ६० हजार मिळवायचे आणि विसाव्या वर्षी १५ लाख परत घ्यायचे. हा परतावा वर्षाला चार टक्क्यांच्याही किंचित खाली जातो. पहिली काही वर्षे येणारे ६० हजार म्हणजे आपण त्याच वर्षी भरत असलेल्या दीड लाखातलाच भाग असेल, आणि त्यात आज चौघांची ही सहलही होत नाही. ‘परदेश सहलीचे पैसे’ असे सांगून ही पॉलिसी विकणाऱ्याने आपली दिशाभूल केली आहे. वर्षाला दहा लाख मिळवणाऱ्या माणसाला हिचे विमाछत्र फक्त १५ लाखांचे आहे. एक कोटीचा शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, ज्यात फक्त मृत्यू झाल्यास रक्कम मिळते) आपल्या वयाला साधारण २५ ते ३५ हजारांत मिळेल.

मुदत विमा हातात पडल्यावर, तिसरा हप्ता भरण्यापूर्वी, या पॉलिसीचे समर्पण मूल्य (आज बंद केल्यास हाती येणारी रक्कम) आणि पेड-अप मूल्य (पुढचे हप्ते न भरता ती चालू ठेवल्यास मिळणारी कमी झालेली रक्कम) कंपनीकडून लेखी मागवा. भरलेल्या तीन लाखांत तोटा होईल आणि तो बोचेल, पण पुढचे १२ लाख अडकवण्यापेक्षा तो लहान आहे. त्यानंतर सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे तीन लाख, बँकेतील ठेवीत वेगळा ठेवा. दरमहा ३५ हजार वाचवणाऱ्याला उरलेले दीड लाख जमवायला पाच महिनेही लागणार नाहीत, आणि त्यापुढची बचत सहलीची.

सहल पुढील मार्च-एप्रिलच्या हंगामात करा. तेव्हा उत्तरेत चक्रीवादळे सहसा नसतात आणि दा नांग-होई आनला कोरडे हवामान असते. मुलीच्या परीक्षेनंतर निघणार असाल तर ३० एप्रिल व १ मे टाळावेत, कारण तिथे सुट्ट्या असतात आणि दर चढतात. दिवाळीच्या सुट्टीचा पर्याय मनात आणू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वादळे मध्य व्हिएतनामकडे सरकतात, आणि २०२५च्या ऑक्टोबरअखेरीस हुए आणि होई आन ही दोन्ही शहरे पुराच्या पाण्याखाली होती.

रजेमुळे सप्टेंबरच शक्य असेल, तर हो ची मिन्ह सिटी व मेकाँगचा दक्षिण भाग निवडा; पाऊस लागेल, पण तिकडे चक्रीवादळे क्वचित जातात. त्यासाठीही कर्ज नको. आणि तरीही हाच बेत ठेवणार असाल तर सहलीच्या एजंटाला आजच लेखी विचारा, की बंदर प्रशासनाने बोटी थांबवल्या तर बोटीच्या रात्रीचे पैसे कोण परत करणार. उत्तर टाळले तर आगाऊ रक्कम देऊ नका.