एजंटाचे दोन लाख

मावशी, माझं वय तेहतीस. बीड जिल्ह्यात चार एकर रान, दोन म्हशी, कर्ज फारसं नाही. सात वर्षांत पंचवीसेक स्थळं झाली. ‘मुलगा शेतीच करतो का?’ इथंच बोलणं थांबतं. धाकटी बहीण पुण्यात नोकरीवाल्याकडं दिली, ती सुखात आहे. मामा म्हणतो, तू चाकणला कंपनीत आहेस असं सांगू. आई एजंटाला दोन लाख द्यायला निघालीय, तो परराज्यातली मुलगी आणतो म्हणे. मध्यंतरी एका घटस्फोटित मुलीचं स्थळ आलं होतं, आईनं परस्पर नको म्हटलं. मित्रांच्या हळदीला जात नाही. रात्री झोप नाही, नको नको ते मनात येतं. माझ्यात काय कमी आहे?

बाळा,

‘नको नको ते’ म्हणजे जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील, तर हे वाचणं थांबव आणि आधी १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. बाकीचं उद्या वाचलंस तरी चालेल.

आता तुझा प्रश्न. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तुझ्यासारखी पोरं नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून, बँड लावून कलेक्टर कचेरीवर गेली. लोक हसले. पण गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी हसण्यासारखी नव्हती. आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३. आज तुझ्या घरचे ज्या वयाच्या मुली बघतात, त्या याच २००१ च्या मोजणीतल्या. २०११ ला तुझ्या बीडमध्ये हा आकडा ८०७ वर आला. म्हणजे तुझ्या मागून येणाऱ्यांचे हाल आणखी. यात तुझा दोष नाही.

पण नुसत्या आकड्यांवर खापर फोडून चालणार नाही. ज्या मुली आहेत त्या शिकल्या, आणि आईची जिंदगी त्यांनी जवळून पाहिली. तुमच्या बहिणीला नोकरीवाला पाहिलात, तेव्हा एखाद्या शेतकरी मुलाच्या घरी हेच घडलं असेल. त्याच्यात तरी काय कमी होतं?

मामाचं ऐकू नकोस. चाकणचं खोटं पहिल्या महिन्यात उघडं पडेल, आणि मग ती मुलगी तुझं खरं तरी का मानेल? एजंटाचं तर नावच काढू नका. आठ दिवसांत नवरी दागिने घेऊन पसार, अशा बातम्या तूही वाचतोस. माझी काळजी वेगळीच आहे: त्या दोन लाखांतलं तिच्या हातात काय पडतं, आणि ती राजीखुशीनं येते की कुणी आणून सोडतं? विकत आणलेल्या माणसाशी संसार करायचा तुझा स्वभाव पत्रावरून तरी वाटत नाही.

मुलीकडच्यांना काय सांगतोस, ते जरा तपासून बघ. चार एकर आणि दोन म्हशी ऐकल्यावर मुलीला दिसतं ते शेण, धुणं आणि पहाटेचं पाणी. तिनं नोकरी केली तर चालेल का? म्हशींचं तू बघशील का? न्हाणीघर, संडास घरातच आहे का? नसेल तर ते दोन लाख तिकडं लाव. आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लावायची तयारी असेल तर पहिल्याच बैठकीत बोल. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावे जमीन करण्याच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कितीतरी शेतकऱ्यांकडून हे करून घेतलं, तेव्हा नवं काही करतोयस असं समजू नकोस.

राहिलं ते घटस्फोटित मुलीचं. आईनं नको म्हटलं, तुला कुणी विचारलं का? माझ्या मते तिथंच चुकलं. एकदा पोळलेली बाई माणूस पारखून घेते, आणि तिच्या पारखण्यात तू कमी पडशील असं मला वाटत नाही. तिचं अजून कुठं ठरलं नसेल तर आईला समजावून सोबत घे आणि जा. ती नाही म्हणाली, तर चहा पिऊन सरळ घरी ये. आणि मित्राच्या पुढच्या हळदीला जा.

तुझी मावशी