वाचक विचारतात: एक्सेल उघडलं आणि पगार अडकला

मागच्या अंकात बल्क पेमेंटबद्दल (एकाच फाईलने अनेकांना पैसे पाठवणं) दोन ओळी लिहिल्या काय, बँकेच्या फायलींवरच्या प्रश्नांचा पाऊसच पडला. सगळे घेणं शक्य नाही, ज्यात इतरांचंही काम होईल असे चार घेते.

प्रश्न (अंबड एमआयडीसी): ताई, मी एका कारखान्यात अकाउंट्स बघते. दर महिन्याला पगाराची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल) बँकेच्या पोर्टलवर अपलोड करते. या वेळी मागच्या महिन्याचीच फाईल उघडून फक्त हजेरीप्रमाणे रकमा बदलल्या, तरी काही कामगारांचे पैसे 'अकाउंट नंबर इनव्हॅलिड' म्हणून परत आले. बँकवाले म्हणतात फाईल चुकलीय, मी म्हणते नंबरला मी हातच लावला नाही. कोण खरं?

उत्तर: दोघंही. नंबरला तुम्ही हात लावला नाही, पण एक्सेलने लावला. सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की एक्सेल स्वतःच ठरवतं की हा आकडा आहे, आणि आकड्याच्या पुढे शून्य कशाला म्हणून ते उडवून टाकतं. आयसीआयसीआयचे १२ आकडी नंबर बऱ्याचदा शून्यानेच सुरू होतात, ते १० किंवा ११ आकडी होऊन बसतात. पंजाब नॅशनलच्या खात्यांची तर अजून गंमत, ते १६ आकडी, आणि एक्सेल १५च्या पुढचा आकडा लक्षातच ठेवत नाही, शेवटचा आकडा शून्य करून मोकळं होतं. वर स्क्रीनवर १.२३४५७ई+१५ असलं काहीतरी दिसतं आणि सेव्ह केलं की सीएसव्हीत तेच जसंच्या तसं उतरतं. ज्यांचे पैसे परत आले त्यांची खाती कुठल्या बँकेत आहेत ते एकदा बघा, बहुतेक उत्तर तिथेच सापडेल.

उपाय सोपा आहे पण शिस्त लागते. मास्टर यादी एक्सएलएसएक्समधे, म्हणजे एक्सेलच्या नेहमीच्या फाईलमधे ठेवा, खाते नंबरचा कॉलम आधी 'टेक्स्ट' करा आणि मग नंबर टाका (नंबर टाकून झाल्यावर टेक्स्ट केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही). सीएसव्ही अगदी शेवटी काढा आणि काढल्यावर ती परत एक्सेलमधे उघडायचीच नाही, बघायची असेल तर नोटपॅडमधे बघा. जुनी सीएसव्ही वापरायचीच असेल तर डबल क्लिक न करता 'डेटा' टॅबमधून इम्पोर्ट करा आणि कॉलमचा प्रकार टेक्स्ट निवडा. रकमेत स्वल्पविराम नको, १,२५,००० लिहिलंत तर सीएसव्हीच्या हिशेबाने ते तीन कॉलम होतात. कामगाराच्या नावात आडनावानंतर स्वल्पविराम असेल तरी तेच.

आणि पैसे परत आले हे नशीब समजा. रिझर्व्ह बँकेने २०१०मधेच सांगून ठेवलंय की क्रेडिट फक्त खाते नंबर बघून होऊ शकतं, नाव जुळवायची सक्ती नाही. म्हणजे चुकलेला नंबर दुसऱ्या कुणाचा खरा नंबर निघाला तर पैसे तिकडे जाणार आणि मग पळापळ तुमची. १ एप्रिल २०२५पासून एनईएफटी-आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव आधी बघायची सोय बँकांनी द्यायचीय, नवा कामगार जोडताना ती वापराच. अप्रूव्ह करण्याआधी एकूण रक्कम आणि माणसांची संख्या तर सगळेच बघतात, पण नंबर बिघडला तरी बेरीज बरोबरच येते! म्हणून नोटपॅडमधे खाते नंबरांची लांबी बघायची सवय लावून घ्या.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): आम्ही शेतकऱ्यांकडून द्राक्षं घेतो, पेमेंट एनईएफटीने एकगठ्ठा करतो. जुन्या यादीतल्या काही शेतकऱ्यांचं पेमेंट होतच नाही. नंबर पासबुकावरूनच घेतलेत.

उत्तर: पासबुक कधीचं आहे ते बघा. १ एप्रिल २०२०ला सिंडिकेट कॅनरात गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमधे, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमधे, देना तर त्याच्या आदल्या वर्षीच बडोद्यात गेली होती. सिंडिकेटचे जुने आयएफएससी (बँक आणि शाखा ओळखायचे कोड) १ जुलै २०२१पासून बंद झाले. शेतकऱ्याला काही फरक जाणवला नाही कारण शाखा तिथेच, साहेब तेच, पण तुमच्या यादीत जुनाच कोड बसलाय. नवीन चेकबुकावरचा कोड मागवा. कोड ११ अक्षरांचा असतो, पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य, उरलेली सहा शाखेची, आणि त्या पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाईप करणारे लोक मी किती पाहिलेत विचारू नका. एनईएफटीचे बॅच दर अर्ध्या तासाला, चोवीस तास चालतात आणि पैसे जमा झाले नाहीत तर समोरच्या बँकेने बॅच संपल्यापासून दोन तासांत परत पाठवायचे असतात. त्यामुळे 'आठवडाभर थांबा' असं कोणी सांगितलं तर थांबू नका, यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख नंबर) घेऊन लेखी तक्रार द्या.

प्रश्न (इंदिरानगर): मी सोसायटीचा सेक्रेटरी. सभासदांचे खाते नंबर माझ्याकडे आहेत, मेंटेनन्स दर महिन्याला परस्पर त्यांच्या खात्यातून घ्यायचा असेल तर कुठली फाईल बनवायची?

उत्तर: काका, फाईल हे शेवटचं काम. नुसत्या खाते नंबरावर कोणाच्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत, आणि तेच बरं आहे. हे होतं नॅचमधून, म्हणजे खात्यातून दर महिन्याला आपोआप पैसे घ्यायच्या एनपीसीआयच्या (देशातल्या पेमेंट यंत्रणा चालवणारी संस्था) व्यवस्थेतून, जिने जुन्या ईसीएसची जागा घेतली. आधी तुमच्या बँकेने तुमचा स्पॉन्सर व्हायला हवं, म्हणजे तुमच्या वतीने नॅचमधे फाईल पाठवायला हवी. मग प्रत्येक सभासदाचा मँडेट (खात्यातून पैसे घ्यायची परवानगी), कागदी किंवा नेटबँकिंग-डेबिट कार्डने केलेला. तो सभासदाच्या बँकेने मान्य केला की त्याला २० अक्षरी यूएमआरएन (मँडेटचा ओळख नंबर) मिळतो आणि पुढे डेबिटच्या फाईलमधे प्रत्येक ओळीत तो लागतो.

नॅचची मूळ फाईल सीएसव्ही नसते, त्यात स्वल्पविराम नाहीत, प्रत्येक गोष्टीची जागा मोजून ठरलेली, रक्कम पैशात. म्हणजे २,५०० रुपये हे २५०००० म्हणून लिहायचे आणि डावीकडे शून्यं भरून जागा पूर्ण करायची. एक स्पेस कमी पडली की पुढचं सगळं सरकतं. ही हाताने बनवायच्या फंदात पडू नका, बहुतेक बँका साधी एक्सेल घेऊन स्वतः रूपांतर करतात, ते आधी विचारा. मँडेटमधे जास्तीत जास्त रक्कम थोडी वाढवून लिहून घ्या, नाहीतर पुढच्या एजीएममधे मेंटेनन्स वाढला की सगळ्यांच्या सह्या परत. आणि सभासदांना स्पष्ट सांगा की खात्यात पैसे नसले तर त्यांची बँक चार्ज लावते, वर चेक बाउन्ससारखीच कायदेशीर तरतूद इथेही आहे, २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याचं कलम २५.

प्रश्न (सिन्नर): जर्मनीतली आमची पार्टी म्हणते 'आयबॅन द्या, आमची फाईल एक्सएमएल आहे.' आम्हीपण एक्सएमएल बनवायची का?

उत्तर: नाही. फाईल त्यांची, पाठवणारे ते. भारतात आयबॅन (युरोपात वापरतात तो आंतरराष्ट्रीय खाते नंबर) नाही, त्यांना खाते नंबर, बँकेचा स्विफ्ट कोड (बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख) आणि शाखेचा पत्ता द्या, बाकी त्यांची बँक बघेल.