मोडी कागदांचे स्कॅन ग्रुपमध्ये कोणी रारमध्ये टाकतं, कोणी सेव्हन-झिपमध्ये (फाईली एकत्र बांधून दाबायचे फॉरमॅट). सगळ्यांसाठी एकच फॉरमॅट कुठला ठरवावा?

डोळे झाकून झिप ठरवा. १९८९ पासून चालत आलेला फॉरमॅट आहे, विंडोज असो, मॅक असो, वेगळं काही इन्स्टॉल न करता उघडतो, आणि गावाकडचे काका मोबाईलवरच बघणार आहेत हे विसरू नका. रार उघडता येतं फुकटात, पण कॉम्प्युटरवर बनवायचं तर विनरार लागतं आणि ते विकत घ्यायचं सॉफ्टवेअर आहे, मग सगळ्यांना तेच वापरा असं कसं सांगणार?

सेव्हन-झिप साईज कमी करतं हे खरंय, पण ते टेक्स्टला. तुमचे स्कॅन जेपेग आहेत ना, ते आधीच दाबलेले असतात, त्यामुळे कशातही टाका, फरक नावापुरताच पडतो.

एक मात्र पाळाच, आतल्या फाईलींची नावं इंग्रजी अक्षरात ठेवा, 'इनामपत्र_०१' असं देवनागरीत दिलं आणि झिप जुन्या टूलने बनवली की दुसऱ्याच्या मशीनवर नावाच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात आणि कुठलं पान कुठलं तेच कळत नाही. एकेक रुमाल (म्हणजे कागदांचं एक गाठोडं) वेगळ्या झिपमध्ये टाका, ४ जीबीच्या आत, जुन्या झिपची मर्यादा तेवढीच आहे. पासवर्ड अजिबात नको.