परदेशी कंपन्यांना भारताचं एवढं वेड का, आणि आता सोलापुरातली किराणा दुकानं बंद पडणार का?

वेड गिऱ्हाईकाचं हो, तिकडं बाजार भरून गेलाय आणि इथं पहिल्यांदा फ्रिज, पहिल्यांदा ब्रँडेड बूट घेणारे अजून ढिगानं आहेत. अमेरिकेच्या वॉलमार्टने २०१८ मध्ये फ्लिपकार्ट या ऑनलाइन बाजाराचा साधारण ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेतला तो काय उगाच नाही. पण नियम बघा, सगळ्या ब्रँडचा माल स्वतः विकणाऱ्या दुकानात (फ्लिपकार्टसारखा दुसऱ्यांचा माल विकून देणारा ऑनलाइन बाजार यात येत नाही) परदेशी पैसा ५१ टक्क्यांपर्यंतच, तोही सरकारी मंजुरीने आणि १० लाखांवर वस्तीच्या शहरात, २०११ च्या जनगणनेत आपलं सोलापूर साडेनऊ लाखांवरच अडकलं की (राज्य सरकारने ठरवलं तर लहान शहरात पण चालतं म्हणा). खरा धक्का मोबाईलवरनं येतोय, तरी आमच्या गल्लीतला दुकानदार उधारीची वही ठेवतो, ते ॲपला कुठं जमतंय?